पलगीनभाऊ

पलगीनभाऊंच्या कॉम्प्युटरवर गाणी करायची डझनभर तरी सॉफ्टवेअर आहेत, आणि स्वतःचं पूर्ण झालेलं गाणं एकही नाही. ऑडॅसिटी आहे, आर्डोर आहे, तालासाठी हायड्रोजन, स्वरलिपीसाठी म्यूझस्कोर, आणि ज्याचं नाव घेताना भाऊंचीच जीभ अडखळते ते एलएमएमएस. सगळी फुकट आणि सगळी कायदेशीर. त्यात भर म्हणून प्लगीन. प्लगीन म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसून एकच काम करणारं छोटं सॉफ्टवेअर. कुणी आवाज घुमवतं, कुणी दाबतं, कुणी त्याची पट्टी चढवतं. धामणगाव रेल्वेच्या पानठेल्यावर भाऊंच्या तोंडून हा शब्द इतक्यांदा निघाला की गावानं त्यांचं बारशाचं नाव काढून घेतलं आणि हे बहाल केलं. आता त्यांच्या खऱ्या नावानं आलेलं कुरिअर ठेल्यावर चौकशी केल्याशिवाय पोचत नाही.

दिवसा हाच कॉम्प्युटर पीक विम्याचे फॉर्म भरतो, सातबारा काढतो, भरतीच्या पोरांचे फोटो पन्नास केबीत बसवतो. संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की तोच मागच्या खोलीत स्टुडिओ होतो. पण ही वाटणी कागदावरची. सोयाबीनचा विमा भरायला आलेला माणूस भरदुपारी तासभर बसून असतो, कारण पडद्यावर निळी लाट पुढं सरकत असते आणि भाऊ ओठांवर बोट ठेवून उभे असतात. "एवढं एक्स्पोर्ट होऊ द्या जी." त्याला वाटतं आपलाच फॉर्म मुंबईला निघालाय. तोही श्वास रोखून बसतो.

भाऊंना डीजेवाल्या पोरांचा राग आहे. पोरांकडं बेल्जियममधल्या कंपनीचं एफएल स्टुडिओ असतं, ते विकतचं, आणि पोरांनी ते कुठल्या तरी पेनड्राइव्हवरून चोरून आणलेलं. त्याच्याबरोबर व्हायरसही येतो आणि दोन दिवसांनी कॉम्प्युटर भाऊंच्याच दुकानात येतो. दुरुस्तीचे पैसे भाऊ घेत नाहीत, व्याख्यान देतात. त्या व्याख्यानात डॉमिनिक माझोनी हे अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकणारं पोरगं येतं, रॉजर डॅननबर्ग हे त्याचे प्राध्यापक येतात, 1999 साली दोघांनी ऑडॅसिटी लिहायला घेतली आणि 2000 साली जगाला देऊन टाकली हे येतं. भाऊ सांगतात ते असं, की डॉमिनिक कुणी चांदूर रेल्वेचा आतेभाऊ वाटावा. "देऊन टाकली बाप्पा! नुसती वापराले नाई, आतला सगळा कोड उघडा ठेवला. कोनाले बदल करावा वाटला तं करा." पोरं मान हलवतात. त्यांना कोड नको असतो, हळदीच्या वरातीसाठी दणका हवा असतो.

आर्डोर लिहिणारे पॉल डेव्हिस तर भाऊंच्या देव्हाऱ्यातलेच. हा माणूस अमेझॉनच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रॅमरांपैकी एक. कंपनी जगभर पसरायच्या आत तो बाहेर पडला आणि पुढं फुकट सॉफ्टवेअर लिहीत बसला. "अमेझॉन सोडलं त्यानं! आमच्या इथं कोनी शिपायाची जागा सोडत नाई." या आर्डोरची एक गंमत आहे. त्याचा मूळ कोड फुकट मिळतो, पण बसवायला तयार फाइल हवी तर ते लोक थोडे पैसे मागतात. मागणं रास्त आहे असं भाऊंचं मत आहे, आणि देणार नाही असा निश्चय. म्हणून त्यांनी लिनक्स टाकलं आणि कोडावरून आर्डोर स्वतःच बांधायला काढलं. कॉम्प्युटर जुना. रात्रभर पडद्यावर इंग्रजी ओळी वाहत होत्या आणि भाऊ उशाला रामायण वाचणाऱ्याच्या श्रद्धेनं त्या पाहत बसले होते. पहाटे लाइट गेली. दुसऱ्या रात्री पुन्हा. हेच आर्डोर लिनक्सच्या भांडारातून एका ओळीच्या आज्ञेनं आयतं मिळतं, हे त्यांना पुतण्यानं तिसऱ्या दिवशी सांगितलं. पुतण्याचं वय अकरा. भाऊ म्हणाले, "मले माहीत होतं. पण आपल्या हातचं ते आपल्या हातचं."

त्याच लिनक्सवर आवाज इकडून तिकडं नेणारं जॅक नावाचं सॉफ्टवेअर आहे. तेही पॉल डेव्हिसांचंच. ते चालेना म्हणून भाऊ ठेल्यावर कुणाला तरी "जॅक अडकून राह्यला" म्हणाले, तर ट्रॅक्टरच्या गॅरेजवाल्यानं मागून विचारलं, "माह्याजवळ दहा टनाचा हाये. पाठवू का?"

एक काळ मात्र खरोखर भाऊंचा होता. ऑडॅसिटीतून एमपीथ्री काढायची तर लेम नावाची एक फाइल वेगळी आणून जोडावी लागे, कारण एमपीथ्रीवर पेटंटं होती आणि ऑडॅसिटीवाल्यांना ती आत ठेवता येत नव्हती. ती फाइल भाऊंच्या पेनड्राइव्हमध्ये असे. तळेगाव, मंगरूळ दस्तगीरकडून माणसं येत, मास्तर येत, कीर्तनकारांचे चेले येत. 2017 साली पेटंटांची मुदत सरली आणि 2019 मध्ये लेम ऑडॅसिटीच्या पोटातच आलं. साऱ्या जगाची सोय झाली. भाऊ त्या आठवड्यात जरा गप्प होते.

मग 2021 आलं. ऑडॅसिटी म्यूझ ग्रुप नावाच्या कंपनीकडं गेली, आणि त्या उन्हाळ्यानंतर कंपनीनं खासगी माहितीबद्दल अशी काही सूचना काढली की जगभर ओरड झाली. तेरा वर्षांखालच्यांनी हे वापरू नये, असंही त्यात होतं. कंपनीनं पुढं ती सूचना दुरुस्त केली, पण भाऊंचं मन उठलं ते उठलं. एक तर घरचा उत्तम कारागीर अकरा वर्षांचा. दुसरं म्हणजे, "आज मालक बदलला, उद्या मीटर लावतीन." त्यांनी नवी तीनची आवृत्ती पुसली आणि दोनची जुनी परत बसवली. या बाणेदारपणाची किंमत पुढं अमरावतीत चुकती झाली, पण ते येईलच.

आधी स्टुडिओ पाहा. यूट्यूबवर लोक भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवतात. भाऊ त्याला हसतात, आणि इथं त्यांचं बरोबर आहे. तो पुठ्ठा आवाज फारसा खात नाही. आवाज खायला जाड, मऊ, सच्छिद्र काहीतरी लागतं, आणि तालुक्यात त्याची काय टंचाई? भाऊंनी चारही भिंतींना कापसाच्या गाद्या उभ्या केल्या. इथलाच कापूस, पिंजून घेतलेला, वर फुलाफुलांची खोळ. त्या खोलीत टाळी वाजवली तर तिथंच मरते. अडचण एकच, गाद्या वहिनींच्या माहेरच्या आहेत आणि घरात लग्नकार्य निघालं की पाहुण्यांना लागतात. त्या दिवसांत केलेलं रेकॉर्डिंग विहिरीतून आल्यासारखं घुमतं. भाऊंच्या जुन्या फाइली ऐकून कोणती वैशाखातली आणि कोणती चातुर्मासातली हे जाणकार सांगू शकतो.

गादी घुमारा मारते, गाव नाही. ऑडॅसिटीत नको तो आवाज काढायची एक युक्ती आहे. रेकॉर्डिंगमधला असा तुकडा निवडायचा की जिथं कुणी गात-बोलत नाही, फक्त मागचा आवाज आहे. सॉफ्टवेअर तो ओळखून घेतं आणि मग सबंध गाण्यातून तेवढाच वजा करतं. दोन-चार सेकंद पुरतात. धामणगावात ती दोन-चार सेकंद मिळवणं हे भाऊंचं अर्धं आयुष्य आहे. ते गावाच्या नावाकडं बोट दाखवतात. अचलपूर तालुक्यात धामणगाव गढी आहे, तिथून हावड्याची गाडी जात नाही. आपल्या गावाच्या नावातच रेल्वे. मुंबई-हावडा रूळ घरामागून शंभरेक पावलांवर. यवतमाळला जाणारी माणसं इथं उतरतात तेव्हा भाऊंचं रेकॉर्डिंग थांबतं, चढतात तेव्हाही थांबतं. भाऊंना एक्सप्रेस गाड्यांची भीती नाही, त्यांचं वेळापत्रक भिंतीवर आहे. विदर्भ एक्सप्रेस गेली की अंतरा, महाराष्ट्र एक्सप्रेसच्या आत दुसरं कडवं. घात करते ती मालगाडी. तिला वेळापत्रक नसतं आणि ती संपतही नाही.

आणि कूलर. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत, गाद्यांनी बंद केलेल्या खोलीत, कूलर बंद करून गा म्हणणं म्हणजे सदोष मनुष्यवध. तो चालूच असतो. पण भाऊंचं त्याच्यावर प्रेम आहे. "कूलर प्रामानिक हाये. सुरू झाला तसाच शेवटपर्यंत घों-घों. थो वजा होते. गाडी बेइमान. येतानी एक आवाज, जातानी दुसरा." हे तंत्राच्या दृष्टीनं शंभर टक्के खरं आहे. ही युक्ती सारख्या एकसुरी आवाजावरच चालते. घरात कुणाला चांगलं म्हणायचं झालं तर भाऊ "कूलरसारखा माणूस" म्हणतात. जावयाला एकदा म्हणाले होते. त्यानं ते कसं घेतलं कळलं नाही.

आता भजनी मंडळाची हकिगत. इथून गुरुकुंज मोझरी जवळ, त्यामुळं पंचक्रोशीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची मंडळं गावोगाव. त्यातल्या एकाला वाटलं, आपली भजनं पेनड्राइव्हवर यावीत. पलगीनभाऊंनी पैसे घ्यायचं नाकारलं आणि आहुजाचे माइक मांडले. म्हातारे बुवा, एक पेटीवाला, दोन खंजिऱ्या, चार टाळकरी, एवढी माणसं गाद्यांत बसली.

भाऊंनी बुवांच्या कानांना हेडफोन लावला आणि क्लिक सुरू केली. मिनिटाला नव्वद ठोके, शेवटपर्यंत तेवढेच. पडद्यावरच्या चौकटीत गाणं बसायचं तर एवढी शिस्त हवी. बुवांनी दोन ओळी सोसलं.

"हे टिकटिक कोन करून राह्यलं बे? बाहेर काढा त्याले."

"बुवा, तो ताल हाये."

"मंग मी काय हाये?"

प्रश्न बिनतोड होता. खंजिरी भजन निघतं ते सावकाश, शब्द कळावेत म्हणून, आणि गजरापर्यंत त्याची लय दुपटीला जाते. कोण वाढवतो? कुणीच नाही, सगळे मिळून. हे कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या चौकटीत बसवणार? भाऊंनी ठोके वाढत जातील असा नकाशा काढायचा घाट घातला. तो होईतो बुवांची दोन भजनं आणि चहा झाला होता. क्लिक बंद.

दुसरी भानगड उशिराची. आवाज माइकातून कॉम्प्युटरात जाऊन हेडफोनवर परत येईपर्यंत थोडा वेळ जातो. सेकंदाला 44,100 नमुने घेतले आणि कॉम्प्युटरनं ते 1,024च्या गठ्ठ्यांनी हाताळले तर एका गठ्ठ्याला साधारण 23 मिलिसेकंद. भाऊंना हे 23 खुपतात. गठ्ठा 256चा केला तर सहाच्या आत येतात, पण मग जुन्या कॉम्प्युटरला दम लागतो आणि आवाजात खडे पडतात. भाऊ दोन्ही टोकांना गटांगळ्या खात असताना टाळकऱ्यांपैकी एक जण, जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारा, म्हणाला, "23 म्हंजे किती लांब?" भाऊंनी आकडेमोड केली. हवेत आवाज तेवढ्या वेळात आठेक मीटर जातो. "हात्तिच्या! सप्त्यात पेटीवाला मले याच्याहून दूर राह्यते. आम्ही कवा बोंबललो?" भाऊंच्या कित्येक महिन्यांच्या साधनेवर हा माणूस तंबाखू मळता मळता बोलून गेला.

रेकॉर्डिंग झालं. गाडी गेली, कूलर वजा झाला. आठ दिवसांनी मंडळ ऐकायला आलं. आवाज कसा, काचेसारखा स्वच्छ. बुवांनी डोळे मिटून एक कडवं ऐकलं आणि विचारलं, "हे डफडं कोनाचं हाये?"

खंजिरीचंच होतं. कूलरची सूं-सूं आणि खंजिरीच्या कडेच्या पितळी चकत्यांची छन्-छन् ही वरच्या पट्टीत शेजारी-शेजारी राहतात. सॉफ्टवेअरला सांगितलं होतं शेजाऱ्याला हाकल, त्यानं जरा जास्त जोर लावला आणि सगळी आळीच रिकामी केली. टाळही अर्धे गेले. टाळकरी एकमेकांकडं पाहायला लागले. आठवडाभर हात दुखेस्तोवर वाजवलेलं कुठं गेलं? भाऊ म्हणाले, "आवाज साफ झाला पाहा पन." बुवा म्हणाले, "झाला ना. आमीच साफ झालो."

भाऊंनी हार मानली नाही. वजाबाकी कमी केली, कूलर थोडा परत आला, चकत्याही आल्या. अमरावतीला एका कार्यक्रमात ती भजनं लावायची ठरली. भाऊ पेनड्राइव्ह खिशात घालून मंडळाबरोबर गेले. वाटेत बडनेऱ्याला भजी खाल्ली, पेनड्राइव्ह तीनदा चाचपला. लॅपटॉप जोडला, फाइल उघडली, आणि पडद्यावर रिकामे पट्टे आले. खंजिरी एक, खंजिरी दोन, बुवा, पेटी अशी नावं बरोबर, आवाज शून्य. जुन्या ऑडॅसिटीत प्रोजेक्टच्या फाइलीत फक्त मांडणी असते. खरा आवाज शेजारच्या एका फोल्डरात पडून असतो आणि तो वेगळा न्यावा लागतो. तो धामणगावात होता. हा घोळ कितीतरी लोकांचा झाला होता, म्हणूनच तीनच्या आवृत्तीत सगळं एकाच फाइलीत आणलं गेलं. ती आवृत्ती भाऊंनी तत्त्वासाठी पुसली होती.

बुवांनी खंजिरी पिशवीत आणलीच होती. बसले, आणि तासभर गायले. कार्यक्रमानंतर एका श्रोत्यानं भाऊंचा हात धरून सांगितलं, "रेकॉर्डिंग लय झकास. अगदी समोर बसून गाऊन राह्यल्यावानी." भाऊंनी ते नम्रपणे स्वीकारलं.

गावाला त्यांच्या या थोर कामांशी देणंघेणं नाही. गाव त्यांच्याकडं दोन कामांसाठी येतं. पहिलं स्नेहसंमेलनाचं. डिसेंबर उजाडला की शाळांच्या बाई मोबाइलमध्ये पाच-पाच गाणी घेऊन येतात. एकीचं हे कडवं, दुसरीचा तो ठेका, मधे कोळीगीत, शेवटी देशभक्ती, सगळं मिळून चार मिनिटं. भाऊ याला "कटिंग" म्हणतात आणि हलकं काम समजतात, पण करताना त्यांच्यात कसबी माणूस जागा होतो. जोड कळला तर वीस रुपये परत. एकदा त्यांनी दोन गाण्यांच्या मधे फार देखणा उतार दिला, आवाज हळूहळू मावळणारा. मंचावर आठ मुली तेवढा वेळ हात वर करून उभ्या राहिल्या आणि त्यातली एक रडायला लागली. तेव्हापासून कटिंग सुरीनं.

दुसरं काम निवडणुकीचं. ऑटोवर भोंगा लावून फिरणाऱ्या जाहिराती भाऊंच्याच आवाजात असतात, कारण माइक त्यांचा, खोली त्यांची, आणि भारदस्त बोलणारा दुसरा कुणी दुपारी मोकळा नसतो. गेल्या खेपेला एकाच प्रभागातले दोन विरोधी उमेदवार आले. भाऊंनी दोघांना हो म्हटलं. एकाची जाहिरात दोन सूर खाली उतरवली, तिला भारदस्तपणा आला. दुसऱ्याची दोन सूर वर चढवली, तीत तरुण तडफ आली. दोन्ही ऑटो चौकात समोरासमोर आले आणि एकच माणूस बापाच्या आणि मुलाच्या आवाजात एकमेकांना भ्रष्ट म्हणू लागला. लोकांनी ओळखलं ते खोकल्यावरून. दोन्हीकडं तो तिसऱ्या वाक्यानंतर होता. कूलर, गाडी, टाळ सगळं वजा करणाऱ्या भाऊंना स्वतःचा खोकला ऐकू आला नव्हता.

वहिनींचं या सगळ्याकडं पाहण्याचं शास्त्र वेगळं आहे. त्या सॉफ्टवेअरला "ते फुकटचं" म्हणतात आणि त्याचा खर्च तोंडपाठ सांगतात. फुकटच्यासाठी हेडफोन, फुकटच्यासाठी साउंड कार्ड, लाइट जाते म्हणून यूपीएस, यूपीएसची बॅटरी गेली म्हणून दुसरी बॅटरी, फुकटचं ठेवायला मोठी हार्डडिस्क, आणि गाद्यांच्या खोळी. "अवो, इकतचं घेतलं असतं तं स्वस्त पडलं असतं." भाऊ अशा वेळी हेडफोन काढत नाहीत.

त्यांचं स्वतःचं गाणं आहे. म्हणजे मुखडा आहे, कापूस वेचणीवरचा, चाल खरंच बरी आहे. फाइलीचं नाव "फायनल" होतं, मग "फायनल नवीन", मग "खरं फायनल", आणि सध्या "याच्यावरच काम करायचं". अंतरा लिहायला बसले की एखादा नवा घुमारा फुकट मिळाल्याची बातमी येते. मग मुखड्याला तो लावून पाहावा लागतो. मुखडा आतापर्यंत देवळात, गुहेत, जर्मनीतल्या कुठल्या तरी चर्चमध्ये आणि एकदा रिकाम्या तेलाच्या टाकीत गाऊन आला आहे. वावरात अजून गेलेला नाही.

परवा रात्री अकराला त्यांचा फोन. "झोपले तं नाई ना? दोन मिनिटं. एक अन् दोन असे दोन मिक्स ऐकवतो. कोनता चांगला ते सांगा. घाई नाई, कान देऊन आयका."

पहिला ऐकला. दुसरा ऐकला. भाऊंनी पुन्हा दोन्ही लावले. मधे कुठली तरी गाडी गेली, ती फोनमधून आली की मुखड्यातून ते कळलं नाही. मी म्हटलं, दुसरा. जरा मोकळा वाटतो, शब्द पुढं येतात, खाली भरीवपणा आहे.

पलीकडं बराच वेळ कीबोर्ड वाजला.

"दोन्ही एकच होते," भाऊ म्हणाले. "तुमचा कान तपासून राह्यलो होतो."